आधी विचारलं होतं का?

ताई, नमस्कार.

मी मूळची सांगलीची. बी.फार्म. करून इकडे एमएस केलं आणि गेली तीन वर्षं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका शहरात कॅन्सर हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. मल्टिपल मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या एका रक्तकर्करोगाच्या) औषधाची एक ट्रायल, म्हणजे रुग्णांवरची चाचणी, माझ्याकडे आहे. चौदा महिन्यांत २४ जण भरती झाले, त्यांत कृष्णवर्णीय एक. आमच्या ओपीडीत मात्र तिसरा-चौथा माणूस काळाच असतो. स्पॉन्सरकडून, म्हणजे ट्रायलचा खर्च करणाऱ्या कंपनीकडून, विचारणा आली तेव्हा मीटिंगमध्ये आमचे पीआय, म्हणजे ट्रायलचे प्रमुख डॉक्टर (तेही भारतीयच), म्हणाले, ‘ते लोक तयार होत नाहीत, त्यांचा इतिहासच तसा आहे.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. मग ठरलं की मी त्यांच्या चर्चमध्ये जाऊन पोस्टर लावायची. का, तर मी ‘ब्राउन’ आहे, मला जमेल.

गेल्या आठवड्यात एका रुग्णाच्या मुलीने मला तोंडावर विचारलं, ‘म्हणजे माझ्या वडिलांना गिनीपिग करणार का?’ मी घाईघाईने ‘छे छे, मुळीच नाही’ म्हणाले आणि संमतीपत्र पुढे सरकवलं. तिने ते हातात घेतलं नाही.

त्यात हल्ली ‘डायव्हर्सिटी’ हा शब्दच स्लाइडवरून काढायला सांगितलाय. नवरा म्हणतो, तुझा एच-वन व्हिसा आहे, तू कशाला मध्ये पडतेस. ताई, ते लोक खरंच तयार होत नाहीत का? माझ्या हातात काय आहे? आणि त्या मुलीला मी काय सांगायला हवं होतं?

— मान डोलावलेली


अगं मान डोलावलेली,

टोपणनाव झकास घेतलंस. त्यावरूनच कळलं की अर्धं उत्तर तुला ठाऊक आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आधी थोडं हिशेबाचं बोलू.

चोवीसांत एक, आणि ‘ते लोक तयार होत नाहीत’. या दोन गोष्टींच्या मधोमध एक आकडा असायला हवा होता, तो तुझ्या पत्रात नाही: विचारलं किती जणांना? पीआयनी तो सांगितला नाही, मीटिंगमध्ये कोणाला मागावासा वाटला नाही. पन्नास जणांना विचारून एकोणपन्नास नाही म्हणाले असते, तर गोष्ट वेगळी. तिघांना विचारून एक हो म्हणाला असेल, तर त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांनी मिळून एका समाजावर आळ घेतला, दुसरं काही नाही.

हा आकडा इतरांनी मोजून ठेवलाय. ३५ अभ्यासांतल्या मिळून ९,७५९ कॅन्सर रुग्णांचा एकत्र हिशेब अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडला. ‘ट्रायलमध्ये येता का’ असं प्रत्यक्ष विचारल्यावर निम्म्याहून जास्त रुग्ण हो म्हणाले. गोऱ्यांत ५५.१ टक्के, कृष्णवर्णीयांत ५८.४ टक्के. संख्याशास्त्राच्या भाषेत हा फरक धरायचा नाही. धरलाच तर तो तुझ्या पीआयच्या विरुद्ध पारड्यात पडतो. त्याही आधी, २००६ मध्ये, कॅन्सरच नव्हे तर सगळ्या प्रकारच्या आरोग्य संशोधनातली सत्तर हजारांहून जास्त माणसं धरून हाच प्रश्न तपासला गेला होता. उत्तर तेव्हाही हेच होतं. इतकी वर्षं गोष्ट छापून आलेली आहे, तरी मीटिंगमध्ये माना डोलतात.

आता दुसरं टोक बघ. २००८ ते २०१८ या दहा वर्षांत एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध-मंजुरी खात्याने, मंजूर केलेल्या कॅन्सरच्या औषधांमागच्या २३० ट्रायल कोणीतरी चिकाटीने चाळल्या. रुग्णांच्या वंशाची नोंद त्यांतल्या १४५ ट्रायलनीच दिली होती, आणि त्या १४५ मध्ये कृष्णवर्णीय होते ३.१ टक्के. तुझ्या मायलोमात तर हे जास्तच टोचतं. हा आजार कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या साधारण दुपटीने होतो. अमेरिकेतल्या दर पाच मायलोमा रुग्णांतला एक कृष्णवर्णीय असतो. तरी २०१५ मध्ये मंजूर झालेल्या इक्साझोमिब या गोळीच्या मुख्य ट्रायलमध्ये ७२२ जणांत त्यांचं प्रमाण १.८ टक्के होतं. ही ट्रायल अनेक देशांत झाली होती हे मान्य, पण औषध शेवटी ज्या ओपीडीत लिहून दिलं जातं ती तुझी आहे.

विचारल्यावर निम्मे हो म्हणतात आणि यादीत तीन टक्के दिसतात, तर मधले गेले कुठे?

इथे माझी एक गोष्ट सांगते. ती मी फारशी कोणाला सांगत नाही.

मीही वीसेक वर्षं तिकडे रिसर्च नर्स होते, मिडवेस्टमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये. स्तनाच्या कॅन्सरची एक ट्रायल होती, बारा आठवडे दर आठवड्याला यायचं. एका बाईंची फाइल समोर आली. कृष्णवर्णीय, चोपन्न वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, पत्ता शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा. सगळ्या अटींत बसत होत्या. मी फाइल मिटली. मनात वाईट काहीच नव्हतं, उलट दयाच होती: कशाला बिचारीला दर आठवड्याला दोन बस बदलायला लावायच्या? कामावरून सुट्टी कशी मिळणार? डॉक्टरांना म्हटलं, ‘शी वोन्ट बी एबल टू.’ ते बरं म्हणाले. सहा महिन्यांनी त्याच बाई वेटिंग रूममधलं आमचं माहितीपत्रक हातात घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. ‘हे माझ्यासारखीसाठीच होतं ना? मग मला का नाही विचारलंस?’ मी अडखळत म्हटलं, प्रवासाचा प्रश्न आला असता. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘बाळा, मी सिटी बस चालवते. इथे कसं यायचं ते तुझ्यापेक्षा मला चांगलं कळतं.’ तोवर दुसरी केमो सुरू झालेली होती आणि त्या ट्रायलचं दार बंद झालं होतं.

त्यांनी तक्रार केली नाही. केली असती तरी कशाबद्दल? आमच्या रजिस्टरमध्ये त्यांचं नावच नव्हतं. न विचारलेल्या माणसाची नोंद कुठेच होत नाही, म्हणून मीटिंगमध्ये ‘ते तयार होत नाहीत’ हे वाक्य बिनधास्त खपतं.

मी एकटीच तशी नव्हते, हे पुढे वाचनात आलं. २०२० मध्ये अलाबामातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पाच मोठ्या कॅन्सर सेंटरमधल्या ९१ जणांच्या मुलाखती छापल्या: डॉक्टर, संशोधक, सेंटरचे प्रमुख, तुझ्यासारखे कोऑर्डिनेटर. त्यांतल्या काहींनी सरळ कबूल केलं की अल्पसंख्य रुग्ण ‘चांगले कँडिडेट’ नसतात असं त्यांना वाटतं, ते वेळेवर येणार नाहीत, सूचना पाळणार नाहीत, म्हणून कधी कधी ट्रायलचा विषयच काढला जात नाही. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात ‘यांना काय समजणार, लिही गोळ्या’ म्हणणारा रेसिडेंट तू पाहिला असशील. ओपीडी बदलली, सूर तोच.

या निमित्ताने एक टोचणारं बोलू का? ‘तिसरा-चौथा माणूस काळाच असतो’ असं तू लिहिलंस. त्या ‘च’कडे जरा बघ. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत ‘त्या एरियात घर घेऊ नका’ म्हणणाऱ्यांत तो ‘च’ मी पुष्कळ ऐकलाय, माझ्या घरातही ऐकलाय. गोऱ्यांनी आपल्याला ‘ब्राउन’ म्हटलं की आपल्याला लागतं, आणि आपण लगेच पायरीवर आपल्याखाली कोण आहे ते शोधतो. तू तशी नाहीस असं गृहीत धरते. पण रुग्णाच्या मुलीला हा ‘च’ तुझ्या तोंडावर दिसतो. तू मराठीत विचार करत असलीस तरी दिसतो.

आता कामाचं. तुझ्याकडे स्क्रीनिंग लॉग असेलच, पण त्यात तपासणीपर्यंत पोचलेल्यांचीच नावं असतात. त्याच्या अलीकडचा तक्ता हवा, प्री-स्क्रीनिंगचा. मागच्या चार महिन्यांतल्या मायलोमाच्या सगळ्या रुग्णांची यादी काढ. अर्थात आयआरबीच्या (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या) परवानगीच्या चौकटीत, तक्त्यात नावं न ठेवता. मग एकेकापुढे लिही: ट्रायलसाठी फाइल कोणी पाहिली का? अटींत बसला का, नसेल तर नेमकी कोणती अट आडवी आली? डॉक्टरांनी विषय काढला का? रुग्ण काय म्हणाला? शेवटी वंशाचा रकाना. पीठ चाळताना कोंडा कुठल्या चाळणीला अडकतोय ते जसं दिसतं, तसं तुझ्या ओपीडीतली माणसं कुठल्या पायरीवर गळतायत ते दिसेल. माझा अंदाज विचारशील तर ‘नाही म्हणाला’ हा रकाना सगळ्यात रिकामा निघेल.

गळतीची पहिली जागा बहुधा अटींची असेल, आणि तिथे थोडी शरीरशास्त्राची गंमत आहे. आफ्रिकी वंशाच्या पुष्कळ लोकांच्या लाल रक्तपेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं. त्यामुळे व्हायवॅक्स जातीच्या मलेरियापासून त्यांना मोठं संरक्षण मिळतं (सांगलीत वाढलेल्या तुला त्याची किंमत सांगायला नको). त्याच जनुकीय बदलामुळे त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या जन्मभर थोडी कमी दिसते. ती माणसं धडधाकट असतात, त्यांना जंतुसंसर्ग काही जास्त होत नाही. पण कॅन्सरच्या कितीतरी ट्रायलमध्ये ‘न्यूट्रोफिल किमान १५००’ अशी अट असते, आणि १३५० वाला निरोगी माणूस दारातूनच परत जातो. प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलची नियमावली, लिहिणाऱ्याने मुद्दाम केलेलं नसतं. ‘नॉर्मल’ कोणाच्या रक्तावरून ठरवलं, एवढाच प्रश्न असतो. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये हा आकडा किती आहे ते आजच बघ. क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या तपासणीची, अटही बघ. मायलोमा मूत्रपिंडावरच घाला घालतो, आणि रक्तदाब-मधुमेहाने आधीच थकलेली मूत्रपिंडं कृष्णवर्णीयांत जास्त. रिचमंडच्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे ६७६ रुग्ण नेहमीच्या अटींना लावून पाहिले, तेव्हा गोऱ्यांतले ३३.२ टक्के बाद झाले आणि कृष्णवर्णीयांतले ४२.४ टक्के. आजार एकच, हॉस्पिटल एकच.

यावर करायचं काय? एका रुग्णापुरती सवलत मागायला जाऊ नकोस. ती मिळत नाही, आणि कोणी तोंडी ‘चालेल’ म्हटलं तर ऑडिटच्या दिवशी डेव्हिएशन, म्हणजे नियम मोडल्याची नोंद, तुझ्या नावावर चढतं. प्रोटोकॉलमध्ये दुरुस्ती मागायची. तुझ्या तक्त्यातली ओळ, ‘इतके जण फक्त या एका आकड्यामुळे बाद’, पीआयच्या सहीने स्पॉन्सरच्या मेडिकल मॉनिटरला जाऊ दे. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांची संघटना २०१७ पासून अशा जुनाट अटी सैल करा म्हणून सांगते आहे, एफडीएनेही पुढे तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. स्पॉन्सरलाही भरती हवीच असते. बऱ्याचदा मागच्या प्रोटोकॉलमधून अटी तशाच उचललेल्या असतात आणि ‘ही का आहे?’ असं कोणी विचारलेलंच नसतं.

दुसरी गळती पैशाची. तिच्याबद्दल मी थोडक्यात बोलते, कारण उपाय माहीत आहेत, फक्त कोणी उठून करत नाही. मेडिकेडवर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्यावर, असलेल्या रुग्णाला ट्रायलमधला नेहमीचा खर्च, म्हणजे तपासण्या, ओपीडी, दवाखान्यात राहणं, १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने मिळतो. मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या विम्यावाल्यांना तो २००० सालापासून मिळत होता. गरिबांसाठीच्या योजनेला आणखी बावीस वर्षं लागली, यावर काय बोलायचं. तुमच्या बिलिंगच्या खिडकीवरच्या माणसाला हा बदल माहीत आहे का, ते स्वतः जाऊन विचार. प्रवास, राहणं, पार्किंग यांचे पैसे रुग्णाला दिले तर ते ‘आमिष’ ठरेल म्हणून पूर्वी सगळे बिचकायचे. त्या परतफेडीला सहसा आमिष मानत नाही हे एफडीएने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मग बजेटमध्ये टाक, आयआरबीकडून मंजूर करून घे. आणि परतफेड म्हणजे आधी खिशातून घाल, पावती चिकटव, दोन महिन्यांनी चेक, असं नको. ज्याच्या खिशात आज वीस डॉलर नाहीत त्याला दोन महिन्यांनंतरच्या चेकचा काय उपयोग? गाडी बुक करून पाठवा. दर वेळचं रक्त तपासायला तुमच्याच इमारतीत यायला हवं का, घराजवळच्या लॅबमध्ये चालेल का, हेही स्पॉन्सरला विचारून बघ.

आता चर्च. जा, जरूर जा, पण पोस्टर घेऊन पहिल्याच रविवारी जाऊ नकोस. भरतीसाठीची कुठलीही छापील गोष्ट आयआरबीच्या मंजुरीशिवाय भिंतीवर लागता कामा नये, हे तुला मी सांगायला नको. आणि हसऱ्या कृष्णवर्णीय आजीआजोबांचे विकत आणलेले फोटो पाहून लोक ओळखतात की आपल्याला गिऱ्हाईक धरायला आलेत. तू ‘ब्राउन’ आहेस म्हणून तुला जमेल, हा तर शुद्ध आळशीपणा आहे. तिथल्या लोकांच्या लेखी तू हॉस्पिटलचा बिल्ला लावलेली परदेशी मुलगी आहेस, आणि ते बरोबरच आहे.

जमलंय कोणाला, तर फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅन्सर सेंटरला. २०१४ मध्ये तिथल्या उपचारांच्या ट्रायलमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण १२.२ टक्के होतं, २०१८ मध्ये २३.९ टक्के झालं. जादू काही नव्हती. चर्च आणि वस्तीतल्या संस्थांशी वर्षानुवर्षं टिकणारे संबंध, रुग्णाला घरून आणायला गाडी, हात धरून वाट दाखवणारे नॅव्हिगेटर, आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी की ट्रायल सुरू होण्याआधीच तिच्यासाठी ‘आमच्या भागातले रुग्ण यात कसे येतील’ याचा लेखी आराखडा. चौदा महिन्यांनी स्पॉन्सरचा ईमेल आल्यावर धावपळ नव्हे.

तुमच्या पोस्टरचे पैसे वाचवून नॅव्हिगेटरचं अर्धं पद जरी मिळवलंस तरी मी तुला साडी पाठवीन. ही कल्पना मुळात एका कृष्णवर्णीय सर्जनची, डॉ. हॅरल्ड फ्रीमन यांची. १९९० मध्ये न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये त्यांनी वस्तीतलीच माणसं रुग्णांच्या सोबतीला नेमली: कागद भरायला, तारखा सांभाळायला, घाबरलेल्याबरोबर बसायला. त्याआधीच्या वीसेक वर्षांत त्या हॉस्पिटलमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या ३९ टक्के बायका पाच वर्षं जगत होत्या. मोफत तपासणी आणि ही सोबत आल्यावर तो आकडा ७० टक्क्यांवर गेला. ते काम ट्रायलच्या भरतीचं नव्हतं, उपचारांचं होतं. पण ज्या माणसाचा हात उपचारात कोणी धरला नाही, तो ट्रायलच्या कागदावर सही कशी करेल?

इतिहासाचं आता सांगते. मुद्दाम मागे ठेवलं होतं. तुझे पीआय ‘त्यांचा इतिहास’ म्हणाले, म्हणजे टस्कीगी. अलाबामाच्या मेकन काउंटीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर पाळत ठेवली. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. रोगाची लागण मुद्दाम केली होती असं पुष्कळ जण सांगतात, ते खोटं आहे. खरी गोष्ट तितकीच भयंकर आहे: काय झालंय ते त्यांना सांगितलं नाही, आणि १९४७ च्या सुमाराला पेनिसिलिन सगळीकडे मिळू लागल्यावरही ते त्यांना मिळू दिलं नाही. १९७२ मध्ये बातमी फुटली, १९७४ मध्ये कायदा झाला, आज तू ज्या आयआरबीच्या नावाने बोटं मोडतेस ती त्यातूनच आली. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये.

हे सगळं खरं आहे आणि ते विसरायचं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर या इतिहासाचा एक गैरवापर वर्षानुवर्षं झालाय: आजची आपली चूक १९३२ च्या पदराआड लपवायची. रुग्णाला टस्कीगी आठवायची गरजच पडत नाही गं. गेल्याच महिन्यात इमर्जन्सीत त्याने पाठ दुखते म्हटल्यावर त्याला गोळ्यांसाठी आलेला नशेबाज समजून परत पाठवलेलं असतं. पुढे तीच पाठदुखी मायलोमाची निघते. त्याचा अविश्वास ताजा असतो.

म्हणून त्या मुलीला ‘छे छे, मुळीच नाही’ म्हणालीस ते चुकलं. प्रयोग आहेच तो. ती बरोबर बोलत होती आणि तू तिला उडवून लावलंस. मी असते तर आधी खुर्ची ओढून बसले असते. मग म्हणाले असते: हो, हा प्रयोग आहे. हे औषध जुन्यापेक्षा चांगलं आहे की नाही ते आम्हाला अजून माहीत नाही, माहीत असतं तर ट्रायलची गरज नव्हती. तुमच्या वडिलांना मायलोमाचे नेहमीचे उपचारही मिळत राहतील का, ते प्रोटोकॉलच्या या पानावर आहे, आपण मिळून वाचू. प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) असला तर तो नेहमीच्या औषधांच्या जोडीला आहे की त्यांच्या जागी, तेही इथे लिहिलंय. ते कधीही, कारण न देता बाहेर पडू शकतात आणि त्यांच्या बाकीच्या उपचारांवर त्याचा परिणाम होणार नाही. काही बिघडलं तर रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर हा. आणि तुम्हाला असं विचारावंसं का वाटलं, ते मला सांगाल का?

शेवटचा प्रश्न विचारून गप्प बसायचं. दहा मिनिटं लागली तर लागू देत. ती नाही म्हणाली तर ते ‘नाही’ मानाने लिहून घ्यायचं आणि वडिलांच्या पुढच्या अपॉइंटमेंटला तितक्याच आपुलकीने भेटायचं. आपल्याला होकार वाढवायचे नाहीत, विचारणं वाढवायचंय, हे पीआयलाही एकदा समजावून सांग. नाहीतर उद्या तो तुला होकारांचं टार्गेट देईल आणि ती मुलगी म्हणाली तेच खरं होईल.

नवऱ्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. एच-वनवर असताना झेंडा हातात घेऊन पुढे उभं राहायला मी कोणाला सांगत नाही. अमेरिकेच्या संसदेने २०२२ च्या अखेरीस कायदा करून मोठ्या ट्रायलसाठी विविधतेचा आराखडा मागितला. २०२४ मध्ये एफडीएचा मसुदा आला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवला गेला. त्या धुळीत एका कोऑर्डिनेटरने उभं राहून शब्दासाठी भांडू नये. स्लाइडवरून ‘डायव्हर्सिटी’ काढायला सांगितलंय ना, काढ. त्या जागी लिही: ‘आमच्या ओपीडीतले मायलोमा रुग्ण आणि आमच्या ट्रायलमधले मायलोमा रुग्ण’. दोन खांबांचा आलेख, शब्द शून्य. तक्ता तू कर, पण मांडू दे पीआयना, त्यांच्या नावाने. चिडू नकोस. स्वतःच्या नावाने मांडलेला आकडा माणूस नंतर खोडत नाही. एवढं करूनही ते मांडायला तयार नसले, तर स्पॉन्सरच्या पुढच्या मॉनिटरिंग व्हिजिटला तक्ता फाइलमध्ये असू दे. मॉनिटर वाचतात.

तुझ्या पत्रात नसलेली एक गोष्ट सहज आठवली म्हणून. वंशाची नोंद दिलेल्या त्या १४५ ट्रायलमध्ये ‘आशियाई’ १८.३ टक्के दिसतात आणि आपल्याला वाटतं, आपलं बरं चाललंय. त्यातले बरेच जपान, कोरिया, चीनकडचे. तुझ्या शहरातले मराठी सासू-सासरे त्यात शोधून सापडायचे नाहीत. आणि तिथे अडवणारं कोण, तर बहुधा आपणच. ‘बाबांना कॅन्सर आहे असं सांगू नका’ म्हणत मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठतो. ज्याला आजाराचं नाव माहीत नाही त्याची ट्रायलसाठी संमती घेता येत नाही. असं कुटुंब आलं तर फोनवरचा मराठी दुभाषा बोलाव, स्वतः दुभाषी होऊ नकोस. मराठी मुलगी समोर दिसली की ते तुलाच गळ घालतील.

तक्ता करताना एक होईल. चार महिन्यांच्या यादीत चार-सहा नावं अशी निघतील की जी अटींत बसत होती, कोणी विचारलं नाही, आणि अजून पुढचा उपचार सुरू झालेला नाही. आलेख रंगवत बसायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या पुढच्या अपॉइंटमेंटला विषय काढायला सांग. मायलोमात पुढची लाइन सुरू झाली की दार बंद होतं, आणि ते किती पटकन होतं ते मी बघितलंय.

— तुझी ताई